ह्यांची पांढरी चाकं आणि मोखाड्याचं काजळ

आमच्या ह्यांनी मोटार घेतली आणि चारी चाकांचे लाकडी आरे पांढरेशुभ्र रंगवून घेतले. आता अशी मोटार नाशकातच फिरवायची तर मजा काय? ह्यांचे मावसभाऊ जव्हार संस्थानच्या कचेरीत आहेत. त्यांचे डोळे दिपवायलाच हवे होते, म्हणून दिवाळी होताच आम्ही दोघं निघालो.

कुणाला या रस्त्यानं जायचं असेल तर पेट्रोलचे डबे नाशकातूनच घ्या, पुढे एक थेंब मिळत नाही. त्र्यंबकेश्वरापर्यंत रस्ता बरा आहे. मग घाट उतरायला लागतो, दोन्हीकडे दाट रान आणि वळणं अशी की देव आठवतात. हे मात्र मला सांगत होते, "मी ब्रेकवर पाय ठेवतच नाही. मोटार तोलून उतरवावी लागते." मोटारीला चिंधी जळल्यासारखा वास येत होता आणि ह्यांच्या कपाळावर घाम होता. मी नाकाला पदर लावला.

मोखाड्याला मुसाफिरी बंगल्यात उतरलो. भाडं आण्यांत भागतं, खोल्या स्वच्छ. झाडलोट करणाऱ्या भिकीबाईनं आल्या आल्या चुलीवर चहा ठेवला, मग नाचणीची भाकरी आणि उडदाचं वरण दिलं. मोटारीला तिनं हात लावून नमस्कार केला. तेवढंच बिचारीचं चुकलं.

जेवून हे बाहेर आले आणि ओरडलेच. मागची दोन्ही चाकं काळीकुट्ट! "दृष्ट लागू नये म्हणून या बाईनं माझ्या मोटारीला काजळ फासलंय!"

"मी नीही लावला, दादा," भिकीबाई म्हणाली. "देवाची आन."

पण तिच्या डोळ्यांत काजळ होतं आणि हात काळे होते. ते चुलीवर आमचाच चहा करून झाले होते, पण ह्यांना तेवढा पुरावा पुरला. बंगल्याच्या कारकुनाला त्यांनी इतकं झापलं की त्यानं घाबरून तिला सांगितलं, "चाकं धू आणि उद्यापासून येऊ नको." तिनं चाकं धुतली. रडत रडत, पण लख्ख धुतली. मी ह्यांच्या उपरण्यानं ती पुसून घेतली.

मोखाडा सोडून रस्ता पुन्हा खोल दरीत उतरतो. खाली नदीवर मोटारीत पाणी भरायला थांबलो. पुढच्या चाकांवर नुसती लाल धूळ आणि मागची पुन्हा काळी! भिकीबाई तर मागे मोखाड्यातच राहिली होती. मी पुन्हा उपरणं फिरवलं.

"अहो, ब्रेक कुठल्या चाकांना असतात?"

"मागच्या. का?"

"सहज विचारलं."

सहाणेवर चंदन उगाळलं की चंदन झिजतं आणि गंध निघतं. इथे ब्रेकचा पट्टा चाकावर घासून झिजत होता आणि त्याचा भुगा आऱ्यांवर बसत होता. ह्यांनी जितकं घाबरावं तितकी चाकं काळी! जव्हारचा चढ चढून गेलो तेव्हा मुद्दाम पाहिलं, नवा काळा कण नव्हता.

जव्हार सुंदर आहे. हवा थंड, माणसं अगत्याची. शिरपामाळावर संध्याकाळी जरूर जा, छत्रपतींचा मुक्काम झालेली जागा म्हणून दाखवतात आणि तिथून डोंगरांच्या रांगा फार लांबवर दिसतात. मी मात्र ते धड पाहिलं नाही. मावसभावापुढे हे रंगून सांगत होते, "अख्खा घाट ब्रेकशिवाय उतरलो, आणि मोखाड्याच्या त्या बाईला घालवूनच दिलं." मला त्या माणसाची शरम वाटली, आणि तो माझा नवरा होता.

परतताना मोखाड्याच्या बंगल्यासमोर मी मोटार थांबवायला लावली. भिकीबाई कुंपणाबाहेर बसली होती, कामाची आशा सुटत नव्हती. मी तिला आणि कारकुनाला बोलावलं. खाली नदीवर मी पुन्हा उपरणं फिरवलं होतं आणि तिथून मोटार नुकतीच लांब चढ चढून आली होती, चाकं पांढरी होती.

"बघ," हे म्हणाले, "दम दिल्यावर कसं बंद झालं!"

"आता नदीकडचा तोच उतार ब्रेकशिवाय उतरून दाखवा," मी म्हटलं. "नेहमीसारखा."

ह्यांनी उताराकडे पाहिलं. तळाच्या वळणाकडे पाहिलं. मग पुटपुटले, "ब्रेक लावावाच लागतो. त्याचीच ती काजळी असेल."

"मोठ्यानं सांगा. कारकुनांना ऐकू आलं नाही."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. कारकून खाली बघून हसला आणि भिकीबाईला म्हणाला, "जा, झाडू घे."

जाताना ती ह्यांना म्हणाली, "दादा, उतारावर भ्या वाटला तं आमी बी पाय रोवतो. त्यात लाज कसली?"

घरी येऊन महिना झाला. हे अजूनही पाहुण्यांना ब्रेकशिवाय उतरलेल्या घाटाची गोष्ट सांगतात. उपरण्याचे काळे डाग काही गेले नाहीत. गोष्ट सुरू झाली की मी ते उपरणं पाहुण्यांच्या समोरच्या दोरीवर वाळत घालते.