साडेनऊचा उतारा आणि मेंदूची चिठ्ठी

आष्ट्याजवळ आमचा ऊस आहे, त्यामुळे साखर हा शब्द आमच्या घरात मान ताठ करूनच उच्चारला जातो. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा साडेनऊ सांगितला. तो मी घरी येऊन आबांना, म्हणजे वडिलांना सांगितला. त्यांनी पेपर खाली ठेवला.

“साडेनऊ? लय पडला की रं उतारा यंदा.”

उसातून साखर किती निघते तो उतारा. तो चढला की गावात पेढे वाटायचे. माझा मात्र तीन महिन्यांत सातच्या खाली उतरवायचा होता, नाहीतर रोज इन्सुलिनची सुई. आबा फौजेतले. त्यांच्या मुलाला सुईची भीती वाटते हे आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही.

त्यात एक भानगड होती. रात्री भाकरी-भाजी खाऊन झोपावं, तरी सकाळी उपाशीपोटी साखर चढलेली. बायकोने गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. गुळाला मी हात लावला नव्हता, पण निर्दोष माणसाचा चेहरा कसा करतात याची मला सवय नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “मेंदूत पेप्टाइड नावाचे प्रथिनांचे छोटे तुकडे असतात. ते निरोप्याचं काम करतात. भूक, झोप, ताण बघून मेंदू निरोप धाडतो आणि पहाटे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. वजन वाढलं की हा कारभार बिघडतो. तेव्हा चाला, आणि गोड बंद.”

यातलं शेवटचं वाक्य मी दवाखान्यातच विसरलो.

घरी येऊन पुढच्या सोप्यात उभं राहून जाहीर केलं, “कारखान्याची ऊसतोडीची चिठ्ठी येते, मग तोडकऱ्यांची टोळी उसाच्या फडात शिरते. तसं मेंदू चिठ्ठी धाडतो, यकृत साखर सोडतं. यात माझा काही हात नाही.”

आबांनी सगळं ऐकून घेतलं.

“चिठ्ठी कुणाची बी असू दे. फडात ऊसच नसंल तर टोळी तोडंल काय? लावण कुणी केली?”

“आवं आबा, लावण बी ह्यांचीच आन् तोडल्यावर परत फुटलेला खोडवा बी ह्यांचाच,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “साताऱ्याला हापिसच्या कामाला गेले की कंदी पेढ्यांचे दोन पुडे घेत्यात. घरात एकच पोचतोय. दुसऱ्याचा कागद गाडीच्या डिकीत घावतो.”

मेंदू इतके निरोप धाडतो, पण कागद फेकून दे एवढा एक त्याला कधी धाडता आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबा मला कालव्याच्या रस्त्याने चालवायला लागले. ते पुढे, मी मागे, आणि “आबा, जरा थांबा की” हे मधे. साताऱ्याहून मी रिकाम्या हाताने यायला लागलो. बायको तरीही डिकी उघडून बघायची.

तीन महिन्यांनी आकडा आला, सहा पूर्णांक आठ. सुई टळली. आबांना फोन लावून सांगितलं.

“असल्या उताऱ्यावर कारखाना बंद पडतोय,” ते म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता, “पडू दे.”