जॅमर येईपर्यंत भालू

आमच्या धंद्यात गोदामात माल कमी आणि डोक्यात किस्से जास्त साठतात. एक ऑर्डर अडकली की दोन किस्से जमा! मैत्रिणी भेटल्या की "विद्या, नवीन काय?" म्हणून विचारतात आणि मी सुरू होते. त्या पोट धरून हसतात. माझं मात्र सांगता सांगता डोकं फिरतं.

आधी धंदा काय ते सांगते. अंधेरीला एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे, आम्ही जॅमर विकतो. डोक्यावर शत्रूचा ड्रोन आला की हे खोकं चालू करायचं. ड्रोन आणि त्याला उडवणारा यांचा संपर्क तुटतो, मग ड्रोन गपचूप खाली उतरतो, नाहीतर जिथून उडाला तिथे परत जातो. माल तयार आहे. खोकं उघडा आणि वापरा. सैन्यालाही तयारच हवं होतं, कारण नवीन बनवायला घेतलं तर वर्षं जातात. तयार माल विकत घ्यायला किती वर्षं जातात, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं!

*

मेजर शिर्के आमच्याकडे पहिल्यांदा आले ते सुट्टीवर असताना. मूळचे मुलुंडचे. त्यांची चौकी वर डोंगरात, सरहद्दीला लागून. म्हणाले, "तांबे मॅडम, संध्याकाळ झाली की ड्रोन येतो. परवा लंगरच्या, म्हणजे आमच्या जेवणघराच्या मागे काहीतरी टाकून गेला, मोठा आवाज झाला. पोरं आत जेवत होती म्हणून वाचली."

मी विचारलं, "मग सध्या काय करता?"

"सध्या भालू आहे."

मला वाटलं, कुठल्यातरी यंत्राचं नाव असेल. मेजरनी मोबाईलवर फोटो दाखवला. चौकीवरचा केसाळ, काळा कुत्रा! ड्रोनची घरघर त्याला माणसांच्या आधी ऐकू येते. तो भुंकला की सगळे आत पळतात.

आमचे मालक दळवी सर, वेंगुर्ल्याचे, फोटो बघून म्हणाले, "साहेब, लवकरात लवकर देतो."

बिचारे! त्यांना वाटलं होतं, ते त्यांच्या हातात आहे.

त्या दिवसापासून मेजरचा दर शुक्रवारी फोन. "मॅडम, कधी?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मॅडम, कधी?"

*

सैन्याच्या खरेदी ऑफिसातून पहिली टीम बघायला आली. मोठे साहेब म्हणाले, "चालू करून दाखवा."

आता जॅमर असा कुठेही चालू करता येत नाही, त्याला सरकारी परवानगी लागते. आणि आमचं ऑफिस कुठे? विमानतळाच्या कुशीत! खिडकीत उभं राहिलं तर विमानाची चाकं दिसतात. दळवी सर घामाघूम. "साहेब, इथे चालू केलं तर उद्याच्या पेपरात येऊ आपण सगळे."

"पण आम्ही दिल्लीहून आलोय."

शेवटी सरांनी अँटेना काढून ठेवली आणि नुसतं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी वाकून दिवा बघितला. एकाने चष्मा पुसून परत बघितला. मग चहा, बटाटेवडे, आणि शेरा पडला, "उपकरण चालू स्थितीत पाहिले. समाधानकारक."

आम्ही खूश! मी त्या शुक्रवारी मेजरना सांगितलंसुद्धा की झालंच म्हणून समजा. मूर्ख मी.

*

मग रंग. आमचं खोकं काळं. म्हणे हिरवं पाहिजे. दिलं हिरवं रंगवून, त्यात काय! तर कळवलं की ज्याची तपासणी झाली ते उपकरण काळं होतं. हे हिरवं आहे, म्हणजे हे वेगळं उपकरण झालं. तपासणी पहिल्यापासून.

मी फोन केला, "सर, फक्त रंग बदललाय. तोही तुम्हीच सांगितलेला."

"मॅडम, रंग आम्ही सांगितला. तपासणीशिवाय बदला असं कुठे सांगितलं?"

आता बोला! मी फोन ठेवला आणि जिना उतरून खाली जाऊन कटिंग प्यायले. नाहीतर काहीतरी फोडलं असतं.

*

पण वाळवंटातल्या ट्रायलला तोड नाही हं.

तिथला नियम असा की शत्रूचा ड्रोनसुद्धा विकणाऱ्यानेच आणायचा. आम्ही कुठून आणणार शत्रू? शेवटी बोरीवलीचा भावेश मिळाला. लग्नाचं शूटिंग करतो, स्वतःचा ड्रोन आहे. "मॅडम, हळदीचं पॅकेज लावू की रिसेप्शनचं?" हा त्याचा पहिला प्रश्न.

तिकडे पोचलो. ऊन मी म्हणत होतं आणि मंडप एकच, साहेब लोकांचा. साहेबही भले. म्हणाले, "अरे, त्या मुलाला उन्हात कशाला ठेवता? सावलीत बोलवा." म्हणून भावेशने मंडपातूनच, साहेबांच्या खुर्चीशेजारून ड्रोन उडवला.

ड्रोन लांब गेला, वळला, चाल करून आला. आम्ही जॅमर चालू केला. झकास! संपर्क तुटला. आणि संपर्क तुटल्यावर ड्रोन काय करतो? जिथून उडाला तिथे परत जातो. तो थेट मंडपाकडे निघाला!

साहेब उठले, खुर्च्या पडल्या, सरबताचे ग्लास आडवे. ड्रोन मात्र अगदी अलगद, ठरल्या जागी, भावेशच्या पायाशी येऊन बसला. भावेश म्हणतो, "बघा, एक ओरखडा नाही!"

शेरा आला: "जॅमर चालू केल्यावर शत्रूचा ड्रोन आपल्याच अधिकाऱ्यांच्या दिशेने आला. असमाधानकारक."

त्या शुक्रवारी मेजरना काय सांगू मला कळेना. त्यांनी ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाले, "काल भालू दोनदा भुंकला." मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! माझी चूक नव्हती, तरी वाटली.

*

दुसऱ्या ट्रायलला भावेशला लांब टेकाडावर छत्री देऊन बसवला. आणि पास झालो! आलेल्या सगळ्या कंपन्यांत आम्ही एकटेच पास. ऑफिसात पेढे वाटले.

आठवड्याने कळलं, रद्द. एकच कंपनी पास झाली तर तुलना कुणाशी करणार? पुन्हा सगळ्यांना बोलवा.

दळवी सर चिडले की मालवणीवर येतात. "मेल्यांनी वाट लावल्यांनी! एकच पोरगो पास झालो म्हणान सगळ्यांची परीक्षा परत घेतत काय गो?"

मी म्हटलं, "सर, घेतायत."

*

आणि मग दोन-तीन वर्षांनी आमचं नशीब फळफळलं. मेजर शिर्के बढती मिळून लेफ्टनंट कर्नल झाले आणि थेट दिल्लीला, खरेदीच्याच ऑफिसात! मी तर ऑफिसात नाचले. आपला माणूस! ज्याने स्वतः चौकीवर दिवस काढलेत, जो दर शुक्रवारी "मॅडम, कधी?" विचारायचा, तोच आता सही करणार.

एका शुक्रवारी त्यांच्या ऑफिसातून पहिला कागद आला. उघडला. "चौकीवर या उपकरणाची नेमकी गरज काय, आणि सध्या त्याला पर्याय म्हणून काय उपलब्ध आहे, ते कळवावे." खाली सही शिर्के साहेबांची.

माझं टाळकंच सटकलं. लगेच फोन लावला. "साहेब, हे तुम्ही मला विचारताय? तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे हो, मॅडम," ते थकल्या आवाजात म्हणाले. "फाइलला माहीत नाही ना."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दुसरा कॉल आला. अनोळखी नंबर. साहेबांना होल्डवर ठेवून घेतला.

"तांबे मॅडम का? जय हिंद. मी चौकीवरून बोलतोय, नवीन कॅप्टन." पोरगेला आवाज, बोलणं नागपूरकडचं. "चार्ज घेतला तेव्हा सगळं समजावून दिलं होतं. जनरेटर कसा चालू करायचा, पाणी कुठून आणायचं, आणि दर शुक्रवारी तुम्हाला फोन करायचा. शिर्के साहेबांपासून तशी पद्धतच आहे म्हणे. तर मॅडम, कधी?"

मी दोन्ही कॉल जोडले. मी म्हटलं, "कॅप्टन साहेब, दिल्लीहून विचारलंय. सध्या पर्याय म्हणून तुमच्याकडे काय आहे, ते जरा मोठ्याने सांगा."

"भालू आहे ना, मॅडम. पण तो आता म्हातारा झालाय, त्याला काही ऐकू येत नाही. ड्रोन आला की आम्हीच त्याला उचलून आत नेतो."