येसूबाईंच्या छातीतली बुरशी

किहीममध्ये कुणी नुसतं शिंकलं तरी येसूबाई घरतांच्या काढ्याची बाटली त्याच्या दारात हजर होई. आत तुळस, मिरी, गवती चहा. बाहेर मुलीनं, कल्पितानं, छापून चिकटवलेला शब्द ‘प्रतिकारशक्ती’. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारे मुंबईकर काढा घेत आणि सोबत बाईंचं व्याख्यानही ऐकत. “शेचाळीस वर्षांची झाले, आजार म्हणून कसला ठाऊक न्हाय. आमच्या मातीतच ताकद हाय.”

मातीशी त्यांचा संबंध रोजचाच. आठ-दहा बंगल्यांच्या बागा त्या सांभाळत. त्यातल्या एका बंगल्याचे मालक हर्षदभाई. झाडांच्या बुंध्याशी कुजका पाला पसरला की बाग जंगलासारखी होते, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. येसूबाईंनी पावसाळाभर ताडपत्रीखाली पेंढा, काथ्या आणि पाला कुजवत ठेवला. नोव्हेंबरात ताडपत्री ओढली, तर हिरवट-पांढरी धूळ धुरासारखी उठली.

बंगल्यात हवा शुद्ध करायची तीन यंत्रं ठेवणारे हर्षदभाई व्हरांड्यात पळाले. “मावशी, मास्क लावा!”

“शेट, खताचा भंडारा हाय हा, घाबरताय काय?” म्हणत बाईंनी दुपारपर्यंत सगळा ढीग पसरला.

हर्षदभाईंना दोन शिंका आल्या. येसूबाईंना आठवड्यानं ताप आला.

चार दिवस त्यांनी स्वतःचाच काढा घेतला. मग दुप्पट घेतला. पायरी चढताना धाप लागू लागली, तेव्हा शेजारणींनी नजर लागल्याचं निदान केलं. एका डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून टीबी सांगितला. थुंकीत काहीच सापडलं नाही, तर म्हणाले, “लपून बसलाय.” गोळ्या सुरू झाल्या, आणि दहा दिवसांत बाईंचे ओठ निळे पडले. कल्पितानं कुणाला न विचारता आईला गाडीत घातलं आणि रो-रो बोटीनं थेट मुंबई गाठली.

तिथल्या डॉक्टर नूतन यांनी नळी घालून फुप्फुसातलं पाणी तपासायला पाठवलं. त्यात बुरशी निघाली.

“ही बुरशी आपण सगळेच रोज श्वासातून घेतो मावशी. धडधाकट माणसात ती टिकत नाही. तुमच्यात का टिकली?”

“मी धडधाकटच हाय,” ऑक्सिजनच्या मास्कमधून बाई म्हणाल्या.

“लहानपणी गळवं व्हायची?”

“सारखी. मानेला दोनदा चीर दिलीय. त्याला काय आजार म्हणतात?”

“भावंडं किती?”

“मोठी आक्का, तळा गावात दिलीय. धाकटा मोरू... सहाव्या वर्षी गेला. छाती भरली व्हती. देवीचा कोप म्हणाले.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग येसूबाईंचं रक्त घेऊन त्यातल्या पांढऱ्या पेशींना औषधानं डिवचून पाहिलं. निरोगी पेशी अशा वेळी चमकतात. येसूबाईंच्या जेमतेम लुकलुकल्या.

“तुमच्या पेशी बुरशीला गिळतात,” डॉक्टर म्हणाल्या, “पण तिला मारायला जे रसायन लागतं, ते पुरेसं बनत नाही. हा दोष जन्मापासूनचा. आई आणि वडील, दोघांकडून आलेला.”

“म्हंजे चूल हाय, लाकडं हायत, इस्तू तेवढा न्हाय.”

“अगदी बरोबर.”

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंडाला पदर लावला. “कल्पे, आनि मी सगळ्या गावाला ताकद वाटत व्हते गं!”

बुरशीवरच्या औषधांनी पाच आठवड्यांत बाई उठून बसल्या. काही गोळ्या जन्मभराच्या झाल्या. कुजका पाला, पेंढा, खताचा ढीग यांच्या जवळपासही फिरकायचं नाही, अशी ताकीद मिळाली. घरी आल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, “काढ्यामुळंच वाचलात.” येसूबाईंनी काढा बंद केल्याचं सांगितलं, तेव्हा लोकांना वाटलं, आता बाई काढ्याची कंपनी काढणार.

डॉक्टरांनी बहिणीलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. येसूबाई तळ्याला गेल्या. आक्का, म्हणजे नीराबाई, खळ्यात पेंढा रचत होत्या. जवळ जायची सोय नव्हती, म्हणून बाई रस्त्यावरूनच ओरडल्या, “आक्का, रगत तपासून घे!”

“मला काय धाड भरलीय?”

“मोरूला तरी आधी काय दिसत व्हतं?”

नीराबाईंच्या हातातला भारा खाली पडला. अंगावरचा पेंढा झटकून त्या रस्त्यावर आल्या, बहिणीशेजारी बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघी मोरूबद्दल बोलल्या. मग नीराबाई तशाच गाडीत बसल्या.

त्यांच्या पेशी व्यवस्थित चमकल्या. रिपोर्टाचा कागद घडी करून त्यांनी कमरेला खोचला आणि भातझोडणी उरकल्यावर किहीमला येऊन राहिल्या. पाल्या-खताचं सगळं काम आता त्या करतात. येसूबाई कुंपणाबाहेर लांब उभ्या राहून सूचना देतात, आणि नीराबाई त्यातली एकही ऐकत नाहीत.