गाठी मारलेलं देवभात

बुधवारी सकाळी वासण्याच्या तलावावर गेले, तेव्हा देवभाताला गाठी मारलेल्या होत्या. पाच-सहा ताटं एकत्र, वर लाल दोरा.

देवभात म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानभात. तलावाचा काठ पुन्हा जिवंत करायचं काम चाललं होतं, त्यावर मी वनस्पतींची सल्लागार होते. आधी हे काम माझ्या यजमानांकडे होतं. बी त्यांनीच डभोईकडच्या एका तळ्यातून आणलं. ते गेले आणि काम माझ्याकडे आलं. दहा दिवसांनी, शनिवारी, इंजिनिअरसाहेबांचं इन्स्पेक्शन होतं. देवभात टिकलेलं दिसलं तर काठ मातीचा राहणार. नाहीतर पिचिंग, म्हणजे उतारावर दगड बसवून टाकणं.

पिचिंगचे कॉन्ट्रॅक्टर भरतभाई. उपटायचं तेवढ्यावर त्यांनी मार्किंग केलंय, असं धरून मी त्यांना विचारलं.

"बेन, दोरा बांधवानो मने टाइम छे?" ते हसले. "मी तर सरळ जेसीबी लावतो."

हसले, म्हणून संशय वाढला. सोमवारी पाहिलं तर ताटं उभी, दाणे गायब. मी ऑफिसात लेखी तक्रार दिली: देवभात नष्ट केलं.

शुक्रवारी ऋषिपंचमी. अधिक महिन्यामुळे उशिरा आलेली. शेजारच्या कुसुमताई वाटी घेऊन आल्या.

"खा. देवभात आहे. आज बैलाच्या कष्टाचं चालत नाही."

"कुठून आणलंत?"

"आपल्या तलावातून, आणखी कुठून? आधी बांधून ठेवावं लागतं गं, नाहीतर दाणे पाण्यात गळतात. तुझ्या ह्यांनीच दाखवलं आम्हां गल्लीतल्या चौघींना."

"मला नाही बोलले."

"तू पुस्तकातून मान वर काढशील तेव्हा ना!"

मी त्यांना तक्रारीचं सांगितलं.

शनिवारी त्या चौघी तलावावर आल्या. इंजिनिअरसाहेबांच्या हातात माझी तक्रार होती.

"नष्ट झालं, असं तुम्हीच लिहिलंय."

"साहेब, दाणे आमच्या पोटात आहेत," कुसुमताई म्हणाल्या. "झाड उभं आहे, बघा की!"

साहेबांनी पाहिलं. पण फाइलमध्ये कागद माझा होता, सही माझी होती. चौघी हटेनात, म्हणून दक्षिणेची बाजू सोडली. बाकी तीन बाजूंना पिचिंग मंजूर झालं. मी भरतभाईंची माफी मागितली. रोपाविषयी तक्रार लिहिण्याआधी ते खाणाऱ्यांना विचारावं, एवढं शिकले.

आता दक्षिणेचा काठ मातीचा आहे. तिथे देवभात आहे. श्रावण सरता सरता आम्ही पाच जणी त्याला गाठी मारतो.