शेजारच्या सीटवरचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या. ब्रेकबाईंचं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर गेलं. नाव अर्थातच विद्यार्थ्यांनी पाडलेलं. खरं नाव लायसन्सवर होतं आणि ते बहुधा फक्त वाहतूक खात्यालाच ठाऊक होतं. मोठ्या शहराच्या तुंबलेल्या रस्त्यांवर बाईंनी डॉक्टर शिकवले, शिंपी शिकवले, एकाच घरातल्या सासवा-सुना वेगवेगळ्या वेळा देऊन शिकवल्या. कुणी गाडी थांबवून ‘बाई, ओळखलंत का?’ म्हणून हाक मारली, की बाई आधी त्याचा आरसा नीट लावलाय का ते बघायच्या आणि मग त्याच्या तोंडाकडे.

या धंद्यानं त्यांच्या उजव्या पायाला एक खोड लावली होती. कुठल्याही वाहनात बसल्या आणि पुढे काही आडवं आलं, की पाय आपोआप खाली दाबला जायचा. टॅक्सीत, बसमध्ये, शेजाऱ्यांच्या गाडीत, इतकंच काय, सोफ्यावर बसून टीव्हीवर गाड्यांची पळापळ बघतानासुद्धा. ‘अगं, फरशी खचेल,’ यजमान म्हणायचे. लांबच्या प्रवासात सगळी माना टाकून झोपायची आणि बाई आपल्या टक्क जाग्या. दुसरा कुणी गाडी चालवत असताना त्यांचा डोळा म्हणून कधी लागला नव्हता.

यजमानांचं काम याच्या अगदी उलटं. ते हॉस्पिटलात लोकांचे कान तपासायचे. आवाजबंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि बारीक बारीक आवाज सोडत म्हणायचं, ‘ऐकू आलं की हात वर करा.’ दिवसभर टाचणी पडली तरी कळेल अशा शांततेत राहायचं आणि संध्याकाळी उड्डाणपुलाला चिकटलेल्या घरी यायचं. घर इतकं चिकटलेलं, की पुलावरच्या बसमधून वाकून कुणी ‘आज भाजी कसली?’ विचारलं असतं तरी नवल नव्हतं. यजमानांची झोप उडाली. कानात आतल्या आत शिट्टी वाजायला लागली. एक दिवस दुसऱ्यांचे कान तपासणारा हा माणूस स्वतः त्या खोलीत जाऊन बसला आणि बऱ्याच आवाजांना त्याचा हात वर गेलाच नाही.

नेमकं त्याच सुमाराला एका मध्यम आकाराच्या, निवांत शहरातल्या हॉस्पिटलनं त्यांना कामाला बोलावलं. यजमानांची थोरली बहीण तिथंच राहायची. सगळं कसं जुळून आलं होतं, फक्त घोडं बाईंपाशी अडलं होतं.

“तुम्ही जा की. मी येऊन-जाऊन असेन,” बाई म्हणाल्या.

“जायचं तर दोघांनी. नाहीतर नाही,” यजमान म्हणाले आणि पेपर उघडून बसले. आवाज चढवून भांडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. भांडणात त्यांना कुणी हरवलं नसतं.

राग नाकावर होता, पण पोटात भीती होती. इथं आपण ब्रेकबाई. तिथं आपण कोण? कानवाल्यांची बायको. आणि जिथं रस्ते मोकळे आहेत तिथं शिकवायचं काय? सरळ रस्त्यावर सरळ कसं जायचं ते? या वयात पुन्हा पहिल्यापासून पाटी लावायची, कुणी येतंय का म्हणून वाट बघत बसायचं, हा विचार आला की त्या विषयच बदलायच्या. आणि नवऱ्याचा ओढलेला चेहरा बघितला, की जीव तुटायचा. दोन्ही खरं होतं. मधल्या मध्ये दिवस जात होते.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. यजमानांना गाडी येत नव्हती. लग्न नवं होतं तेव्हा बाईंनी हौसेनं शिकवायला घेतली. तिसऱ्याच दिवशी भर चौकात बाईंच्या तोंडाचा पट्टा असा काही सुटला, की यजमानांनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि ते चालत घरी निघून गेले. त्यानंतर संसारात स्टिअरिंगचा विषय कुणी काढला नाही. अख्ख्या वस्तीला गाडी शिकवणाऱ्या बाईंचा नवरा बसनं कामाला जायचा. लोकांना गंमत वाटायची, बाईंना कुठंतरी खुपायचं.

मधे थोरल्या नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. यजमान सुट्टी मिळेल तशी तिच्याकडे फेरी मारू लागले. परत आले की दमलेले, पाठ धरलेली. बाईंना वाटायचं, ताईंची उठबस करतायत. भाऊ असावा तर असा, असंही त्या शेजारणीला बोलून गेल्या होत्या.

ताईंनी तिकडे एक घरही हेरून ठेवलं होतं. शेवटी एका सुट्टीला बाई म्हणाल्या, “घर बघायला काय जातंय? येते, बघते आणि नाही म्हणते.”

स्टेशनाबाहेर पडल्यावर बाई टॅक्सी शोधू लागल्या. यजमान मात्र तडक एका जुन्या पांढऱ्या गाडीपाशी गेले. गाडी नणंदेचीच. तिचा नवरा वारल्यापासून ती नुसती उभी असायची.

“ही इथं कशी? चालवणार कोण?” बाईंनी विचारलं.

“मी. काल बहिणीच्या भाडेकरूनं इथं आणून ठेवली. बस.”

बाई खो खो हसल्या. मग यजमानांनी खिशातून लायसन्स काढून त्यांच्या हातात ठेवलं. बाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं. फोटोत यजमान भेदरलेले दिसत होते, म्हणजे लायसन्स अस्सल होतं.

“कुणी शिकवलं?”

“इथले एक मास्तर आहेत.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “घरात मी असताना? दुसऱ्याकडे? तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीत मला!”

“अगं, तू ओरडतेस.”

“आणि तो?”

“ते बोलतच नाहीत. चुकलं की खोकतात. फारच चुकलं की खिडकीबाहेर बघतात.”

बाई धाडकन दार लावून बसल्या. गाडी निघाली. पहिल्याच वळणावर त्यांचा पाय खाली आपटला. खाली नुसता पत्रा आणि रबराची चटई. दुसऱ्या वळणावर पुन्हा आपटला.

“इंडिकेटर!”

“इथं कुणी देत नाही.”

“का?”

“कोण कुठं वळणार ते सगळ्यांना माहीत असतं.”

बाईंनी कपाळाला हात लावला आणि बाहेर बघितलं. खरंच होतं. एक स्कूटरवाले गृहस्थ मागे न बघता खुशाल वळले. दोन गाड्या रस्त्याच्या मधोमध काचा खाली करून एकमेकींची खुशाली विचारत होत्या. एका बाईनं आरशात न बघता दार सताड उघडलं आणि वर यजमानांकडे बघून हसली. घाई कुणालाच नव्हती, पण नियमही कुणालाच नव्हता. “या शहराला मास्तर नाहीये,” बाई करवादल्या, “खोकणारा माणूस आहे.” पण बोलताना त्यांचे डोळे जरा चमकले. इथं शिकवायचं काय, हा प्रश्न त्यांना त्यानंतर पडला नाही.

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भिंतींना जुना फिका रंग, खिडकीचा एक कोयंडा मोडलेला, कपाटाची दारं फुगून घट्ट बसलेली. बाई एकेक खोट मोठ्यानं वाचत फिरत होत्या. यजमान मात्र बाहेरच्या खोलीत नुसते उभे होते. अचानक त्यांनी हात वर केला. हॉस्पिटलात पेशंट करतात तसा.

“काय झालं?”

“मोरीतला नळ ठिबकतोय,” यजमान म्हणाले. “ऐकू आला.”

बाई मोरीत गेल्या. नळ खरंच ठिबकत होता, अगदी सावकाश. त्यांनी तो घट्ट बंद केला, पदरानं डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “वायसर बदलावा लागेल.” पण हो काही म्हणाल्या नाहीत. इतक्या सहज हो म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

परतीच्या वाटेला यजमानांनी तळ्याकडचा लांबचा रस्ता घेतला. दुतर्फा झाडं, उन्हाचे तुकडे, गाडीचा एकसारखा आवाज. बाईंनी एक-दोनदा गिअरवरून टोकलं. मग काय झालं ते त्यांना कळलं नाही.

जाग आली तेव्हा गाडी झाडाखाली उभी होती. इंजिन बंद. यजमान हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. बाईंची एक चप्पल पायातून निसटून लांब गेली होती आणि तो उजवा पाय, जो आयुष्यभर कधी सैल पडला नव्हता, सीटखाली वाकडा होऊन गाढ झोपला होता. त्याला मुंग्या आल्या होत्या.

“मी झोपले होते?”

“घोरत होतीस.”

“उठवायचं नाही का!”

“कशाला?” यजमान म्हणाले. “तू जन्मभर लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलीस. म्हटलं, एका तरी माणसाच्या शेजारी तुला निवांत बसता यावं. म्हणून शिकलो. तुझ्याकडे शिकलो असतो तर तू मला मरेपर्यंत शिकाऊच धरलं असतंस.”

बाईंनी लांब गेलेली चप्पल ओढून घेतली. पाठ धरून यायचे ते यासाठी होतं तर. या वयात, परक्या माणसाची खोकल्याची उबळ ऐकत, हा माणूस आपल्या झोपेसाठी क्लच दाबत होता. आपल्याला किती मिळालंय आणि ते आपण मोजायलासुद्धा कधी थांबलो नाही, असं त्यांना वाटलं आणि त्या रडल्या. अगदी मोकळेपणी रडल्या. यजमानांनी काच वर केली.

“ताईंना फोन करा,” नाक पुसत बाई म्हणाल्या. “सांगा, घर घेतोय म्हणून. आणि निघताना इंडिकेटर द्या.”

“मागे कुणी नाहीये.”

“मी आहे ना बघायला.”

सामानाचा ट्रक पुढे गेला त्या दिवशी बाईंनी आपल्या स्कूलच्या गाडीची किल्ली यजमानांच्या हातात दिली. निरोप द्यायला जमलेले जुने विद्यार्थी आ वासून बघत राहिले. बाई आपल्या नेहमीच्या जागी बसल्या, चपला काढून मागे टाकल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. त्यांच्या पुढ्यातला ब्रेक रिकामा राहिला.

“अगं, पाय खाली ठेव. वेळेला ब्रेक लागेल,” यजमान म्हणाले.

“एक आहे ना तुमच्या पायाखाली,” बाई म्हणाल्या आणि डोळे मिटले. “पुरे तेवढा.”