दोन्हीत आलं म्हणजे खरं

आमच्या निपाणीच्या घरात रोज सकाळी दोन पेपर पडतात, एक मराठी आणि एक कानडी. अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन्ही शेजारी शेजारी पसरून बसायचे आणि हातात लाल पेन्सिल घ्यायचे. जी बातमी दोन्हीत सारखी, तिच्यापुढं बरोबरची खूण. बाकीची रद्दी. उभी हयात त्यांनी तंबाखूच्या वखारीत काढली, दोन्ही भाषांतले लबाड पारखले, त्यातून निघालेला हा नियम. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर बसगाड्या अडवल्या की एक पेपर म्हणायचा दगड त्यांनी मारले, दुसरा म्हणायचा ह्यांनी मारले. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून सांगायचे, "बस बंद हाय, एवढंच दोन्हीत आलंय. तेवढंच खरं. तू आज कोल्हापूरला जाऊ नगं."

मला त्या नियमाचा कोण अभिमान! मी शाळेत शिकवते. फळ्यासमोर उभी राहून पोरांना सांगायची, बातमी कशी वाचावी ते आमच्या अण्णांकडनं शिका. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आई गेल्यावर अण्णांना मोबाईल मीच घेऊन दिला. मी शाळेत, घर रिकामं, दुपार त्यांना खायला उठायची. म्हटलं, बघत बसतील काहीतरी. बसले की! संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोवर बातम्या सुरू. सकाळी एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेलेला आणि जेवायच्या वेळेला परत आलेला आमदार. तरुण दिसायला सुया टोचून घेतलेली आणि तोंड सुजवून बसलेली नटी. कुत्र्याच्या बारशाला गावजेवण. अण्णा हसून हसून खोकायचे आणि मलाही बरं वाटायचं.

एकदा सिनेमातला एक म्हातारा नट गेल्याचं आलं, हार घातलेल्या फोटोसकट, दोन्ही भाषांत. अण्णा दिवसभर हळहळले. दुसऱ्या दिवशी तोच नट चहा पीत सांगतोय, अहो, मी आहे अजून! अण्णा म्हणाले, "चुकतंय कवातरी." खरं तर मी तिथंच जागी व्हायला पाहिजे होतं. मी नुसती हसले.

अण्णांना वीस वर्षं शुगर. गोळ्या मी दर रविवारी सात खणांच्या डबीत भरून ठेवायची. एक दिवस त्यांनी मला मोबाईलवर एक डॉक्टर दाखवला. टीव्हीवर नेहमी दिसणारा, मोठा, पांढऱ्या कोटातला. शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते, गोळ्या बंद करा, ही पावडर घ्या, असं मराठीत सांगत होता. मी म्हटलं, भामटेगिरी आहे सगळी. त्यांनी मान हलवली. चार दिवसांनी तोच डॉक्टर, तोच कोट, आणि आता कानडीत. तीही बंगळूरची पुस्तकी कानडी नव्हे, अगदी आमच्या बाजूची.

"बघ की गं. दोन्हीत आलं."

"अण्णा, हे मशीननं बनवलेलं असतंय. तोंड त्याचं, बोलणं खोटं."

"मशीनला कानडी कुणी शिकिवली? हितं बदलून आलेल्या सायबाला धा वर्सांत मराठी येईना, आणि मशीनला दोन्ही येतंय व्हय?"

कप्पाळ माझं! मला राग आवरत नाही, हे जगजाहीर आहे. "तुमचं डोकं फिरलंय," मी म्हणाले. बापाला असं बोलतात? पण बोलून गेले. अण्णांनी मोबाईल पालथा ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं त्यांना.

पावडरीचा डबा मी शाळेत असताना आला. शेजारच्या आक्कांनी नंतर सांगितलं, आणणाऱ्याला अण्णांनी एवढंच विचारलं, "ह्यात मध न्हाय न्हवं?" आम्ही जैन, आम्हाला मध चालत नाही. मध नव्हता. झालं समाधान! इकडं माझी गोळ्यांची डबी दर रविवारी रिकामी मिळत होती आणि मी खुशीत होते.

अण्णा रोज बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अनवाणी जायचे. उन्हाळ्यात एक दिवस परत यायला उशीर झाला आणि फरशी तापली. त्यांना कळलंच नाही, शुगरनं पायाची जाणीवच गेली होती. अंगठ्याखाली फोड आला, फुटला, त्यांनी हळद भरून वर मोजा चढवला. मला कळलं ते वासानं. मी मोजा ओढून काढला. अंगठा काळा पडला होता.

दवाखान्यासाठी कागद काढायला त्यांचं कपाट उघडलं. मागं तपकिरीचा जुना पत्र्याचा डबा होता. तपकीर तर त्यांनी कधीच सोडलेली. उचलला तर खुळखुळला. आत गोळ्या, सगळ्या. एकही फेकलेली नाही, कारण काही टाकून द्यायची आमच्या घरात रीत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडायला वळले, तर अण्णा कॉटच्या कडेला पाय लोंबते सोडून बसलेले, माझ्याकडं न बघता. मी डबा कागदांबरोबर पिशवीत ठेवला.

कोल्हापूरच्या डॉक्टरनं मराठीत सांगितलं, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल, वेळ घालवू नका. अण्णा म्हणाले, "बेळगावला दाखवूया." त्यांना काय पाहिजे होतं ते मला लगेच कळलं. पण पाय त्यांचा होता. त्याच दुपारी गाडी केली. वाटेत ते एकदाच बोलले, "बस्तीच्या पायऱ्या कशा चढायच्या गं मग?"

बेळगावचा डॉक्टर कानडी बोलणारा. त्यानं तेच सांगितलं, शब्दाला शब्द तेच. मी मान खाली घालून थांबले. आता म्हणतील, दोन्हीत आलं. ऐकून घ्यायची मी तयारी केली होती. ते तसं म्हणाले नाहीत. डॉक्टरच्या ओठांकडं कितीतरी वेळ बघत राहिले, मग हात लांब करून त्याचं मनगट चाचपलं. डॉक्टरला वाटलं, म्हातारा विनवतोय. त्यानं त्यांचा हात हातात घेतला. अण्णा माझ्याकडं वळले.

"ह्यो तरी खरा हाय न्हवं गं?"

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "खरा हाय."

मग त्यांनी सहीला पेन मागितलं.