पाचवा राखीव

आमच्या तालुक्यात मुंबई न पाहिलेला माणूस शोधायचा तर पाळण्यात शोधावा लागतो. मी शेचाळीस वर्षांचा होतो, शाळेत मास्तर होतो, मुलांना नकाशावर मुंबई बेट दाखवत होतो आणि मी स्वतः मुंबई पाहिलेली नव्हती. हे आधी सांगतो, कारण पुढचा सगळा प्रवास या एका लाजेतून निघाला आहे.

आमच्या व्यायामशाळेच्या संघाला अंधेरीच्या एका मंडळाचं आमंत्रण आलं. हुतुतूचे सामने, आता त्याला कबड्डी म्हणतात. बारा जणांची यादी आधी कळवायची, सात मैदानात आणि पाच राखीव. यादीत नसलेल्याला खेळता येणार नाही, आणि राहण्या-जेवणाची सोयही बाराच जणांची. व्यायामशाळेचा चिटणीस मी. निवड समितीचे बाकीचे दोघे सभेत डुलक्या घेत होते. बारावं नाव सदू शिंप्याचं होतं. मी ते खोडलं आणि तिथे माझं लिहिलं.

सदूला सांगितलं, "समितीला तुझ्या गुडघ्याची काळजी वाटते." गेल्या वर्षी तो एकदा पडला होता, तेवढाच आधार. सदू म्हणाला, "समिती म्हणते तर असेल, मास्तर." आणि संघाच्या सदऱ्यांसाठी त्याने माझं माप घेतलं. पोटाशी टेप आणल्यावर, "श्वास सोडा, मोकळा शिवतो," म्हणाला. त्यानंतर तो श्वास मला कुठे नीट घेता आला नाही.

पौषातल्या एका सकाळी आम्ही हर्णै बंदरातून निघालो. पडावातून (लहान होडीतून) आगबोटीपर्यंत जाताना सगळ्यांच्या धोतरांना आणि विजारींना समुद्राने हात लावला. सदू पोचवायला आला होता. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून आमची बोचकी वर देत होता. मी त्याच्याकडे पाहायचं टाळून दीपगृह पाहत होतो.

दिवस मावळायला भाऊच्या धक्क्याला लागलो. मंडळाचे कार्यकर्ते सावंत न्यायला आले होते. साठीचे, मूळ मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त होऊन अंधेरीत घर केलेले. त्यांनी आणलेली लॉरी एरवी तबेल्यांना गवत पोचवायची. आम्ही बारा जण उरल्यासुरल्या गवतावर बसलो आणि माहीमची खाडी ओलांडेपर्यंत शिंकत होतो. वांद्र्यात बंगल्यांच्या गच्च्या दिसल्या. सांताक्रूझला एक विमान डोक्यावरून इतकं खाली आलं, की आमचा गणू लॉरीत आडवाच झाला. गणू म्हणजे आमचा मुख्य चढाईवाला. समोरच्या अंगणात एका दमात शिरून दोघा-तिघांना शिवून परत येणारा, रेड्यालाही न भिणारा. तो विमानाला भ्यालेला पाहून सगळ्यांना बरं वाटलं.

अंधेरी मला शहर वाटलं नाही. स्टेशनाजवळ दुकानं, दिवे, इराण्याचं हॉटेल. पण जरा आत गेलं की भातशेतं, विहिरी, म्हशी आणि मध्येच एखादा कारखाना. इथल्या हवेला शेणाचा आणि यंत्राच्या तेलाचा एकत्र वास येतो. सावंतांच्या घरी मी आणि आमचा कप्तान दत्ताराम, असे दोघे उतरलो. वहिनींनी वर्सोव्याच्या कोळणीकडून घेतलेले ताजे बोंबील तांदळाच्या पिठात घोळून तळले होते. इतका मऊ मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. चौथा बोंबील घेताना मनात आलं, हा सदूचा. तरी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अंधेरीतला पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. सगळं गणूनेच केलं. आम्ही राखीव पाच जण बाकावर बसून शेंगा सोलत होतो.

खरी गंमत संध्याकाळी सावंतांच्या ओट्यावर झाली. शेजारचा पास्कल आला. मोटारींच्या गॅरेजात काम करणारा, हाताला ग्रीस, आणि या खेळाचं भयंकर वेड. मी खांबाला टेकून बसलो होतो. दोघांनी आमच्या संघाची चिरफाड सुरू केली.

सावंत म्हणाले, "चार राखीव बघितलंय मी. चारही पकडवाले. गणूचो पाय गेलो तर चढाय कोण करतलो? तुझो बापूस?"

"काका, तू समजत नाय ना," पास्कल म्हणाला. "चार पकडवाले घेतले म्हणजे पाचवा कोण असणार? कोणी येडा हाय का, सगळेच पकडवाले आणायला?"

"पाचवो म्हणजे हे मास्तर."

"तेच बोलतो मी."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. पास्कलने माझे पाय बघितले, मग पोट, मग पुन्हा पाय.

"मास्तर, वय काय तुमचं?"

"शेचाळीस."

"बघ," पास्कल सावंतांना म्हणाला, "शेचाळीस वर्षांचा माणूस एवढ्या लांबून बोटीने आणतात, बाकावर बसवतात, एक शब्द बोलत नाय. छुपा रुस्तम हाय यार. गणू दमला की हा येणार नि वाट लावणार."

मला तिथल्या तिथे खरं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. पण निघालं ते एवढंच, "तसं काही नाही हो."

"बघितलंस? तसं काय नाय म्हणतो," पास्कल म्हणाला. "हेच. खरे असतात ना, ते असंच बोलतात."

सावंत मात्र पटवून घेईनात. त्यांच्या मते संघ बांधताना राखीव म्हणजे छत्री. उन्हात ती जड वाटली म्हणून कोणी काठी घेऊन बाहेर पडत नाही. पास्कलच्या मते राखीव म्हणजे धाक. त्याने खेळावं लागतच नाही, समोरच्याला तो दिसला की पुरे. भाकऱ्या गार झाल्या तरी दोघांचं संपेना. मी मान खाली घालून ऐकत होतो. दोघांचंही बरोबर होतं. सावंत म्हणत होते ती छत्री, म्हणजे चढाई करणारा सदू, मी गावाला ठेवून आलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुसरा सामना घाटकोपरला. पुन्हा तीच लॉरी. मरोळ, साकीनाका असं करत रस्ता शेतांतून आणि दगडाच्या खाणींतून जातो. सुरुंगाच्या आवाजाने बगळे उडतात आणि पुन्हा त्याच शेतात येऊन बसतात. सावंत तर होतेच, पास्कलही रजा घेऊन आमच्याबरोबर आला होता. घाटकोपरला गुजराती वस्ती मोठी. मैदानाबाहेर एका गाडीवर गरम गाठिये आणि तळलेल्या मिरच्या मिळत होत्या. मी मिरची चावली आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात घोळका करून चार-पाच माणसं माझ्यासमोर उभी राहिली.

"हेच काय ते मास्तर?"

"हेच," पास्कल अभिमानाने म्हणाला. त्याने सकाळपासून किती जणांना सांगितलं होतं, देव जाणे.

"रडतायत का?"

"सामन्याआधी असंच करतात ते."

सामना चुरशीचा झाला. उत्तरार्धात चढाई करून परतताना गणूचा पाय घोट्यातून मुरगळला. त्याला उचलून बाहेर आणला तेव्हा घोटा सुजून नारळ झाला होता. आमच्यात चढाई जमणारा दुसरा म्हणजे दत्ताराम, आणि तो नुकताच बाद होऊन बाहेर बसला होता. त्याने बाकाकडे पाहिलं. चार पकडवाले, आणि मी.

"मास्तर, सदरा चढवा," दत्ताराम म्हणाला.

"दत्ताराम, तुला माहीत आहे मी काय आहे ते."

"मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही. नुसतं जा नि या. गडी शिवू नका, दम सोडू नका. ते घाबरलेत."

मी रेघ ओलांडली. विशीत खेळलो होतो त्यानंतर पहिल्यांदाच. पायांचं सांगत नाही, पण दम होता. वीस वर्षं चाळीस पोरांच्या वर्गात पाढे म्हणवून घेतलेला माणूस मी. माझं "कबड्डी, कबड्डी" थेट मागच्या भिंतीपर्यंत जात होतं. आणि समोरचे सातही जण खरोखर मागे सरकले. मी इकडून तिकडे फिरलो आणि परत आलो. टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदाही तसंच. पास्कल बाहेरून ओरडत होता, "झकास, मास्तर."

तेवढ्यात बरोबरी झाली आणि शेवटची चढाई आमची होती. बरोबरी राहिली असती तर आणखी थोडा खेळ झाला असता, आणि तोवर दत्ताराम आत आला असता. मी तिसऱ्यांदा गेलो. त्यांच्या डाव्या कोपऱ्यात एक टक्कल पडलेला, शांत चेहऱ्याचा गडी होता. त्याने मला नीट न्याहाळलं, दोन पावलं पुढे येऊन हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार, मास्तर."

मी म्हणालो, "नमस्कार."

गावात शंभर माणसं रोज नमस्कार करतात आणि मी शंभरांना उत्तर देतो. ओठ माझ्या आधी हलले. पंचांनी शिट्टी वाजवली: दम सुटला, मास्तर बाद. आम्ही एका गुणाने हरलो. तो टक्कलवाला येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "माफ करा, माझे वडील पण मास्तर होते."

परतताना लॉरीत पोरं हसून हसून लोळत होती. हरल्याचं दुःख त्यांनी माझ्यावर खर्च केलं, ते बरंच झालं. गणू मात्र पाय धरून बसला होता. पास्कल चिडला होता, पण माझ्यावर नाही.

"मास्तरची काय चूक? ज्याने यादी केली त्याची चूक. गणूच्या मागे एक चढाईवाला ठेवायला नको? कोणत्या गाढवाने केली ही यादी?"

"मी केली," मी म्हणालो. आणि सगळं सांगून टाकलं. सदूचं नाव, गुडघा, मुंबई.

लॉरीत कोणी हसेना. पास्कलने गवताची काडी तोंडात घातली, काढली.

"मास्तर, आमका सांगान काय उपेग?" सावंत म्हणाले. "ज्याचा नाव काढलात, त्याका जावन सांगा."

मुंबईतला शेवटचा दिवस पोरांनी राणीच्या बागेत घालवला. मी सावंतांच्या ओट्यावर बसून राहिलो. वहिनींनी डब्यात वाळवलेले बोंबील बांधून दिले.

हर्णैला उतरलो तेव्हा सदू बंदरावर होता. गणूला बैलगाडीत बसवून बाकीचे पुढे गेले. आम्हा दोघांना दोन कोस चालायचं होतं. गाव सोडताना जे सांगायला हवं होतं ते मी पहिल्या वळणाआधीच सांगितलं. पुढे धीर राहिला नसता.

सदू थांबला. कडेच्या दगडावर पाय ठेवून त्याने गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"मी आठ दिवस रोज तेल चोळतोय याला," तो म्हणाला. "रात्री दुखायलाही लागला होता."

मला वाटलं होतं तो रागावेल. त्याची तयारी मी बोटीत केली होती. याची केली नव्हती.

पुन्हा चालायला लागल्यावर तो म्हणाला, "सांगा आता."

"काय?"

"मुंबई. माझ्या वाटणीची होती ना? सगळी सांगा. गाळू नका."

मी सांगत गेलो. गवताची लॉरी, विमान, म्हशी, पास्कल, सावंतांची छत्री. बोंबलाशी आलो तेव्हा किती खाल्ले, हेही सांगितलं. तो मध्ये मध्ये विचारत होता: विमानाला चाकं होती का, घाटकोपरच्या कोपऱ्यातल्या गड्यांची पकड वरून होती की पायात. तिसऱ्या चढाईत त्या टक्कलवाल्याच्या नमस्कारापर्यंत आलो आणि थांबलो.

"मग? त्याने नमस्कार केला. तुम्ही?"

"मीही केला."

सदू हसला नाही. थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "मी असतो तर केला नसता."

"माहीत आहे."

"मी असतो तर त्याच्या जोडलेल्या हातांना शिवून आलो असतो."

हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. हात जोडायला तो इतका जवळ आला होता. नुसतं बोट लावलं असतं तरी गुण आमचा होता. मी रस्त्यातच उभा राहिलो. सदू पुढे चालत होता, ताठ, झपझप, दोन्ही गुडघे सारखेच उचलत. मागे न पाहता म्हणाला, "चला मास्तर. यापुढे यादी मी करणार."

मुंबई पाहिली का, असं आता कोणी विचारलं तर मी हो म्हणतो. पण उपनगरांतली चार दिवसांची ती मुंबई मला नीट दिसली ती या दोन कोसांत, ज्याची होती त्याला सांगताना.